क्रेनवरचा गंभीर माणूस

साइटवर त्याला गंभीरराव म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते विचारायची गरज नव्हती. साइटवरची झाडून सगळी नावं त्याच्या मेहुण्याने, बायकोच्या भावाने, ठेवलेली होती आणि आजवर एकालाही ती परत करता आलेली नव्हती. गंभीरराव टॉवर क्रेन चालवायचा. सकाळी मनोऱ्याच्या आतल्या शिडीने चढून काचेच्या केबिनमध्ये बसायचं, दोन हातांत दोन दांडे धरायचे, आणि सळयांचे भारे, साचे बांधायच्या शटरिंगच्या प्लेटा, काँक्रीटची बादली असं जे काही वर हवं असेल ते उचलून द्यायचं. त्या उंचीवरून माणसं दिसत नाहीत, नुसती हेल्मेटं दिसतात. त्यातलं लाल हेल्मेट मेहुण्याचं. तो सिग्नलवाला होता. हुकाला माल अडकवला की वॉकीटॉकीवरून सांगायचं: वर, थांबा, डावीकडे, हळू, अजून हळू, सोडा. या शब्दांच्या मधल्या जागेत तो विनोद सांगायचा.

ही त्या कामातली रीतच होती. वर एकटा बसलेला माणूस तेच ते करून पेंगू नये म्हणून खालच्याने त्याच्याशी बोलत राहायचं. कुठल्या नियमात हे लिहिलेलं नव्हतं, म्हणून सगळे पाळत. काही सिग्नलवाले घरची गाऱ्हाणी सांगत, काही दुखण्यांची यादी. मेहुण्याकडे विनोद होते आणि ते चांगले होते. दुर्दैव एवढंच.

कारण गंभीरराव हसला की पडायचा.

इथे अलंकार वगैरे काही नाही. लोक हसून हसून लोळतात ते वेगळं. ते उठून परत हसू शकतात. याचं तसं नव्हतं. आतून हसू फुटलं की आधी जबडा सैल पडायचा, मग मान लटकायची, मग गुडघ्यांतून कुणीतरी खिळा काढून घेतल्यासारखी अंगाची घडी व्हायची. शुद्ध मात्र शाबूत. पडल्या पडल्या सगळं दिसायचं, सगळं ऐकू यायचं, आणि करंगळीसुद्धा हलायची नाही. काही क्षणांनी, फार तर मिनिटभराने, अंग परत त्याच्या ताब्यात यायचं. भाड्याने दिलेली वस्तू परत यावी तसं, जरा धूळ लागून.

पहिल्यांदा झालं ते चहाच्या टपरीवर. मेहुण्याने साइटवरच्या साहेबांची नक्कल केली, गंभीरराव हसला आणि बाकड्याच्या कडेला हात टेकून खाली बसला. लोकांना वाटलं, काय दिलखुलास माणूस आहे. दुसऱ्यांदा घरी: बायकोने शेजारणीचा किस्सा सांगितला आणि त्याच्या हातातली भरलेली ताटली जमिनीवर गेली. तिला वाटलं, याचं माझ्या बोलण्याकडे लक्षच नसतं. तिसऱ्या वेळेपासून त्याने लोकांच्या समजुती मोजणं सोडलं आणि घाबरायला सुरुवात केली.

भर म्हणून झोपेने उच्छाद मांडला होता. दिवसा बसल्या जागी झापड यायची, आणि सुट्टीच्या दुपारी आडवं झालं की जाग येताना अंग लाकडाचं झालेलं असायचं. त्या वेळी खोलीत कुणीतरी असे. दाराजवळ, पाठमोरं, कपाटाच्या उंचीचं. ते काही करत नसे. तेच तर भयंकर होतं. काही करतं तर निदान काय करतंय ते कळलं असतं. गंभीरराव उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत पडून राही आणि शेजारच्या खोलीत बायको भांडी लावत असल्याचा आवाज ऐके. हाक मारायला जीभ नसे. मग अंग सुटे, ते नाहीसं होई, आणि तो उठून तोंड धुऊन बाहेर जाई आणि चहा मागे. आपल्याला वेड लागतंय हे कुणाला सांगायचं असेल तर चहा प्यायल्यावर सांगावं, असं तो रोज ठरवायचा. चहा संपायचा.

तो बारकाईने वागणारा माणूस होता. क्रेन चालवणाऱ्याला तसं असावंच लागतं. त्याने स्वतःवर पाळत ठेवली आणि काही गोष्टी त्याच्या ध्यानात आल्या. दुसऱ्याच्या विनोदाने तो पडायचा, पण स्वतःला काही गमतीदार सुचलं आणि ते बोलायला तोंड उघडलं की त्याहून जोरात पडायचा. पत्त्यांत हातात चांगली पानं आली की मनगट सैल पडायचं. त्यामुळे त्याचा डाव बाकीच्यांना आधी कळायचा. रडण्याने काही होत नसे. आणि भीतीने तर मुळीच नाही. भीती वाटत असली की तो ताठ उभा राहायचा. जगात लोकांचे भीतीने हातपाय गळतात. याचे भीतीने जागेवर राहत.

हा शोध त्याने कामाला लावला. रोज सकाळी दांड्यांना हात लावण्याआधी तो स्वतःला नीट घाबरवून घ्यायचा. भारा तुटतोय, सळया सुटल्यात, खाली लाल हेल्मेट आहे आणि ते वर बघत नाहीये, असं तो डोळ्यांसमोर आणायचा. छातीत धस्स झालं की मग कामाला लागायचा. दिवसभर ही भीती विझू द्यायची नाही, चुलीतल्या निखाऱ्यासारखी फुंकत राहायची. म्हणून एकेक साखळी दोनदा तपासायचा, वारा सुटला की सगळ्यांच्या आधी काम थांबवायचा, आदल्या पाळीवाल्याने काय काय करून ठेवलंय ते आधी बघायचा. चेहरा असा की कुणी गेल्याची बातमी घेऊन आलाय. साइटवर त्याच्याबद्दल फार चांगलं बोललं जाई.

आणि मग ती प्लेटांची गोष्ट झाली. भरल्या उन्हात शटरिंगच्या प्लेटांचा गठ्ठा हवेत होता आणि मेहुणा वॉकीटॉकीवरून एका नवऱ्याची आणि दातांच्या डॉक्टरची गोष्ट सांगत होता. गंभीररावने कान बंद करायचा प्रयत्न केला, पण गोष्ट शेवटाकडे आली तेव्हा भीती जरा विझली असावी. तो हसला. मान खाली गेली, हात दांड्यांवरून घसरले. दांड्याच्या मुठीत एक बटण असतं. ते दाबून धरलं तरच दांडा काम करतो, आणि पकड सुटली की सगळं असेल तिथे थांबतं. तसं ते थांबलं. गठ्ठा हवेत झोके घेत राहिला आणि गंभीरराव काचेला गाल टेकून खाली बघत राहिला. गठ्ठ्याखालून, जिथे कुणी असायला नको तिथून, दोन पिवळी हेल्मेटं रमतगमत चालली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत साइटवरच्या साहेबांनी त्याला पुढे बोलावलं. खाली माणसं शिरलीत हे सिग्नलवाल्याच्याही आधी याने वरून हेरलं आणि माल जागच्या जागी रोखला, याला म्हणतात सावधपणा, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मेहुण्याने सगळ्यांत जोरात वाजवल्या. चूक त्याची होती आणि त्याचं मन मोठं होतं. गंभीरराव मान खाली घालून उभा होता. विनयाने, असं लोकांना वाटलं. त्याच्या मनात एकच हिशेब चालला होता: परत हसलो, तर गठ्ठ्याखाली कोण असेल? याचं उत्तर त्याला रोज वरून दिसत होतं. हुकाच्या सगळ्यांत जवळ नेहमी सिग्नलवालाच उभा असतो.

त्याने साहेबांना गाठून सांगितलं की सिग्नलवाला बदला. साहेबांनी कारण विचारलं. त्याने सांगितलं, बोलतो फार. साहेब म्हणाले, बोलायलाच तर ठेवलाय. मग त्याने मेहुण्यालाच सांगितलं की यापुढे कामाखेरीज एक शब्द नको. मेहुणा आधी हसला, मग त्याच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला, आणि संध्याकाळी बहिणीच्या घरी जाऊन चहा न घेता परत गेला. त्या घरात चहा नाकारणं म्हणजे फौजदारी.

बायको भाजी चिरत होती. सुरीचा आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत होता.

"माझ्या माहेरचं एक माणूस तुमच्याशी नीट बोलतं," ती म्हणाली, "तर तेही तुमच्या डोळ्यांत खुपतं."

"खुपत नाही."

"मग काय होतं?"

त्याने पाण्याचा तांब्या उचलून परत जागेवर ठेवला.

"टाळ्या मिळाल्यापासून हवेत गेलायत तुम्ही. आधी नुसते उंचावर असायचात."

हे तिने इतक्या रागाने आणि इतक्या सरळ तोंडाने सांगितलं की त्याचा जबडा सैल पडायला लागला. तो लगबगीने पाठ फिरवून भिंतीला टेकला, डोळे मिटले आणि सळया सुटल्याचं चित्र डोळ्यांपुढे आणलं. मागून तिला दिसलं ते असं की नवऱ्याने बोलणं अर्ध्यावर टाकून भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती बरेच दिवस त्याच्याशी बातम्या देणाऱ्या बाईसारखी बोलली: स्पष्ट, थोडक्यात, आणि त्याच्याकडे न बघता.

तेव्हा तो डॉक्टरकडे गेला. घरी सांगितलं, डोळे तपासायला जातो. मेंदूच्या डॉक्टरांची पाटी वाचताना त्याची पाचावर धारण बसली होती आणि त्यामुळे चालणं एकदम झकास होतं.

डॉक्टर बाई होत्या. केस पांढरे, आवाज कोरडा. त्याने पडण्याचं आणि दिवसाच्या झापडेचं सांगितलं. हसल्यावर पडतो हे सांगताना त्याला वाटलं, आता या हसणार आणि त्या हसल्या की आपण. पण त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, खोलीत कुणी दिसतं का? त्याने याबद्दल अजून अवाक्षर काढलेलं नव्हतं. "दाराजवळ," तो म्हणाला. बाईंनी लिहून घेतलं, जसं काही तो ताप किती आहे ते सांगत होता. मग एका रात्रीपुरतं त्याला दवाखान्यात डोक्याला तारा लावून झोपवलं (घरी सांगितलं, जादा पाळी), आणि दुसऱ्या दिवशी वाकवून बसवून पाठीच्या मणक्यातलं थोडं पाणी काढून घेतलं. सुई जाताना तो इतका घाबरला होता की नर्सने त्याच्या ताठ बसण्याचं कौतुक केलं. कौतुकाचा त्याला आता वीट यायला लागला होता.

निकाल आल्यावर बाईंनी त्याला समोर बसवलं आणि मेंदूचं एक उभं कापलेलं चित्र टेबलावर ठेवलं. त्यावर रंगीत ठिपके होते, कुठे दाट, कुठे विरळ.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलायला बरीच रसायनं वापरतात, त्या सांगू लागल्या. त्यांतला एक मोठा गोतावळा न्यूरोपेप्टाइडांचा: प्रथिनांचेच छोटे छोटे तुकडे, पण प्रत्येकाची वस्ती वेगळी. हा हिरवा बघा, हा वरच्या घड्यांच्या सालीत जिथे तिथे सापडतो, गल्लीगल्लीत एखादा घरवाला असावा तसा. हा तांबडा दुखण्याचा निरोप्या. तो मज्जारज्जूत आणि मेंदूच्या देठात दाट. त्याच रस्त्यांवर हा दुसरा, दुखणं दाबणारा. दोघांची घरं शेजारी शेजारी. हा जांभळा संकटाच्या वेळी अंगाला कामाला लावतो. तो इथे खोलात, हायपोथॅलॅमसमध्ये आहे, आणि इथे, या बदामाएवढ्या अमिग्डालातही, जिथे भीती आणि आनंद दोन्हींची आवक होते. कुठलं पेप्टाइड कुठे किती आहे यावर माणसाचं बरंच काही ठरतं. सगळं ठरतं असं मी म्हणणार नाही, कारण सगळं आम्हालाही ठाऊक नाही.

मग त्यांनी बोट एका निळ्या ठिपक्यावर ठेवलं. अख्ख्या चित्रात निळा तेवढाच होता.

याचं नाव ओरेक्सिन. याची मांडणी फार कंजूष. हे तयार करणाऱ्या पेशी मेंदूत या एकाच जागी असतात, हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या आणि जरा मागच्या भागात. अब्जावधी पेशींच्या कारभारात यांची संख्या लाखभरही नाही. पण त्यांचे धागे बघा. बाईंनी दुसरं चित्र काढलं. त्यात त्या एका निळ्या ठिपक्यातून बारीक धागे निघून वर सालीपर्यंत, त्या बदामापर्यंत, खाली देठातल्या जागं ठेवणाऱ्या केंद्रांपर्यंत आणि तिथून थेट पाठीच्या कण्यात उतरले होते. सगळीकडे निळं, आणि उगम एवढासा.

"म्हणजे साइट मोठी आणि क्रेन एकच," गंभीरराव म्हणाला.

"तसं म्हणा," बाई म्हणाल्या. "तुमच्या पाठीतल्या पाण्यात हे जवळजवळ नाहीच. त्या पेशी मेल्यात. बहुधा शरीराच्या पहारेकऱ्यांनीच चोर समजून मारल्या."

स्वप्न बघताना माणूस उठून पळू नये म्हणून मेंदूच्या देठात एक खटका असतो, तो अंगाची ताकद काढून घेतो. सगळ्यांच्यात असतो. जागेपणी तो बंद ठेवायचं काम हे निळे धागे करतात. हसू आलं की त्या बदामाकडून खटक्यावर दाब पडतो, तोही सगळ्यांच्यात. पण इतरांचा खटका कुणीतरी धरून ठेवलेला असतो. तुमचा धरणारा हात गेला. म्हणून तुम्ही जागेपणी पडता, आणि झोपेतून उठताना तुमचं स्वप्न अर्धं बाहेर राहतं. दाराजवळचा तो माणूस म्हणजे तेच.

त्याने विचारलं, मग भीतीने का पडत नाही? त्या म्हणाल्या, काही जण दचकून पडतात, काही रागाने. बहुतेकांना हसण्याचंच वावडं असतं. का, ते सांगता येत नाही.

"म्हणजे हे वेड नाही," तो म्हणाला.

"नाही."

"परत उगवतात का त्या पेशी?"

"नाही. गोळ्यांनी झोप आटोक्यात येईल, पडणं पुष्कळ कमी होईल. दुपारची झोप ठरवून घ्यायची." त्या थांबल्या. "पण क्रेन नाही. आजपासून नाही. मी कागद देते, तुमच्या वरच्यांना तुम्ही स्वतः सांगा."

त्याने हो म्हटलं. कागद खिशात ठेवला आणि रस्त्यावर आला. इथे जे झालं ते त्या बाईंनाही आधी सांगता आलं नसतं. त्याला हलकं वाटलं. किती दिवस तो दाराजवळच्या त्या पाठीला भीत होता, वेड्यांच्या इस्पितळाला भीत होता, आणि आता कळलं की हे सगळं एका नखाएवढ्या जागेतलं गणित आहे. त्याने मोठा श्वास घेतला. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. उद्या म्हणजे संध्याकाळी, काम आटोपल्यावर. एक दिवस शेवटचा वर बसू. इतके दिवस निभावलं, एक दिवसाने काय होतंय. त्याच्या हे लक्षात आलं नाही की इतके दिवस निभावलं होतं ते भीतीने, आणि भीती तो बाईंच्या टेबलावर विसरून आला होता.

दुसऱ्या दिवशी तो शिडी चढला तेव्हा केबिनमध्ये ऊन आलं होतं. त्याने काच पुसली. रोजच्यासारखा सळयांचा भारा डोळ्यांसमोर आणून बघितला, पण तो भारा आज काही केल्या तुटेना. साखळ्या त्याने एकदाच तपासल्या. दांड्याची मूठ तर पाहिलीच नाही. आदल्या पाळीवाल्याची बोटं लवकर दुखत. बटण सतत दाबून धरायला नको म्हणून तो त्यावर रबराचा पट्टा गुंडाळून ठेवायचा. गंभीरराव रोज सकाळी तो पट्टा काढून खिशात टाकायचा आणि त्याला मनातल्या मनात शिव्या द्यायचा. आज पट्टा तसाच राहिला.

मेहुणा रुसलेला होता. रुसवा त्याने कामाखेरीज बोलायचं नाही या हुकुमातच मुरवला होता.

"नमस्कार," वॉकीटॉकीवरून आवाज आला. "माननीय भाऊजींना नम्र विनंती आहे की त्यांनी कृपया हुक वर घ्यावा."

गंभीररावने हुक वर घेतला. सळयांचा भारा जमिनीवरून सुटला आणि चढू लागला.

"आभारी आहे. आता त्यांनी उजवीकडे वळण्याची तसदी घ्यावी. सदर सिग्नलवाला विनोद करत नसून हे केवळ कामाचं बोलणं आहे, याची कृपया नोंद व्हावी."

गंभीररावच्या ओठांच्या कडा हलल्या. त्याने भीती शोधली. जिथे रोज असायची तिथे ती नव्हती. तिथे एक निळा ठिपका होता आणि सगळ्याचा खुलासा होता.

"भाऊजींनी आता थांबावं आणि भारा हळू खाली द्यावा. सदर सिग्नलवाल्याच्या भगिनीने आज भाऊजींच्या डब्यात काय दिलं आहे, हे सांगण्यास सदर सिग्नलवाल्याला मनाई आहे."

तो हसला.

जबडा सैल पडला, मान गेली, आणि सगळं अंग पुढे कलंडलं. उजवं कोपर दांड्यावर आलं. मागे प्लेटांच्या वेळी हात घसरला होता आणि पकड सुटली होती. आता सुटण्यासारखं काही नव्हतं, बटण रबराने आवळलेलं होतं. कोपराच्या भाराने दांडा पुढे सरकला तो तसाच राहिला. भारा खाली निघाला.

हनुवटी छातीत रुतली होती, पण डोळे पायांखालच्या काचेकडे होते. त्या काचेतून तार दिसत होती, तारेच्या टोकाला भारा, आणि भाऱ्याच्या खाली, जरासं बाजूला, लाल हेल्मेट. मेहुणा हाताने खूण करत होता. थांबा. त्याने कोपराला सांगितलं, हल. कोपर दुसऱ्या कुणाचं तरी होतं.

"भाऊजी, थांबा," वॉकीटॉकी म्हणाला. आवाजातलं माननीय गेलं होतं. "थांबा म्हणतोय. भाऊजी."

हेल्मेट मागे सरकलं. मागे प्लेटांची रास होती. ते राशीला टेकलं आणि थांबलं. भारा हवेत हळूहळू गिरकी घेत होता, त्याची लांब बाजू राशीकडे वळत होती. गंभीररावला ओरडायचं होतं की खाली बस, सरपट, राशीच्या बाजूने नीघ. तोंडातून लाळेची एक तार तेवढी निघाली. त्याला बायकोचे हात दिसले, भाजी चिरणारे. कुणीतरी तिला जाऊन सांगतंय, आणि ती विचारतेय, वर कोण होतं?

तेव्हा भीती आली. रोज फुंकून पेटवायची ती नव्हे. ही न बोलावता आली आणि तिने हसण्याचा उरलासुरला अंश पुसून टाकला. बोटांत मुंग्या आल्या. मनगट त्याचं झालं. त्याने कोपर खेचून बाजूला घेतलं, कोपराबरोबर सगळं अंग खुर्चीवरून खाली घसरलं, आणि दांडा स्प्रिंगने मधल्या, थांब्याच्या जागी परतला.

भारा राशीच्या वीतभर वर थांबला. लाल हेल्मेट दिसत नव्हतं.

वॉकीटॉकी काही क्षण नुसता खरखरला. मग मेहुणा म्हणाला, "मी खाली पडलोय. आडवा. लागलं नाही. तुम्ही काय करताय वर?"

"उतरतोय," गंभीरराव म्हणाला. शब्द अजून जड येत होते.

शिडी उतरताना त्याचे पाय लटलटत होते, पण ते साधं लटलटणं होतं, कुणाचेही पाय लटलटावेत तसं. प्रत्येक पायरीला दोन्ही हातांनी मिठी मारत तो खाली आला. मेहुणा वाळूच्या ढिगाशी उभा होता. कपड्यांना वाळू, तोंडावर रंग नाही. माणसं धावत येत होती आणि साइटच्या पार दुसऱ्या टोकाला साहेब त्यांच्या खोलीतून बाहेर पडत होते.

गंभीररावने खिशातला कागद काढून मेहुण्याच्या हातात दिला आणि कागदात नव्हतं तेही सांगितलं. टपरीपासून सगळं. ताटली, दाराजवळचा माणूस, प्लेटांच्या वेळच्या टाळ्या, एका जागी राहणारं आणि सगळीकडे पोचणारं ते निळं काहीतरी, जे आता नाही. बायकोला खोटं सांगितलं तेही. मेहुणा ऐकत होता. ऐकताना त्याचा हात सारखा हेल्मेटकडे जात होता, ते जागेवर आहे का बघायला.

"म्हणून मला गप्प बसवलंत," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मी वाईट बोलतो म्हणून नाही."

"चांगलं बोलतोस म्हणून."

मेहुण्याने कागदावर परत नजर फिरवली. त्याचे ओठ थरथरत होते. रडू येतंय की काय ते त्याचं त्यालाही ठाऊक नसावं. सवय मात्र जुनी होती. "म्हणजे आज माझा विनोद मलाच लागणार होता," तो म्हणाला. "अख्ख्या जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी लागला असता."

बोलता बोलता त्याने वर पाहिलं आणि त्याला गंभीररावच्या गालाचा स्नायू सुटलेला दिसला. मग मान. हे आता होणार हे त्याला पहिल्यांदाच आधी कळलं. त्याने कागद टाकला आणि दोन्ही काखांत हात घालून त्याला धरलं, पण ते ओझं कुणाच्याच हातात मावणारं नव्हतं. दोघंही वाळूवर बसले. गंभीररावचं डोकं मेहुण्याच्या खांद्यावर लटकलं, डोळे उघडे, समोर स्थिर.

मेहुण्याने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. आत माणूस होता आणि तो बघत होता. मेहुण्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. आपण आता काय बोललं तर चालेल, हे आयुष्यात प्रथमच त्याला कळेना.

साहेब येऊन पोचले. काय प्रकार आहे, भारा असा का आला, हा का पडलाय, उन्हाने का, असं त्यांनी एका दमात विचारलं. गंभीररावला सगळं ऐकू येत होतं. उत्तर त्याला द्यायचं होतं, बाईंनी त्यालाच द्यायला सांगितलं होतं. जीभ तोंडात वाळूच्या पिशवीसारखी पडून होती. वर, क्रेनच्या आडव्या हाताला टांगलेला भारा अजून तसाच होता, आणि तो खाली घ्यायला वर कुणी नव्हतं.

"साहेब, जरा हळू बोला," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज इतका सरळ कुणी कधी ऐकला नव्हता. "आणि दुसरा माणूस वर पाठवा. हे आता वर जाणार नाहीत."

साहेबांनी विचारलं, आज?

"कधीच नाही," मेहुणा म्हणाला, आणि खांद्यावरचं डोकं घसरू नये म्हणून त्याने ते हाताने धरून ठेवलं.